शेवग्याचा पाला की कॅल्शियमची पूड? इग्वानाच्या स्वस्त पूरक आहाराविषयी

इग्वाना हा घरी पाळला जाणारा मोठा सरडा शाकाहारी आहे आणि त्याची हाडे कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात, हे पाळणाऱ्याला ठाऊक असतेच. ठरवायचे असते ते कॅल्शियम कमी खर्चात कशातून द्यायचे एवढेच. जळगावच्या माणसाचा हात आधी केळ्याकडे जातो, आणि आमच्या मादीलाही केळे फार आवडते. परंतु केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस अधिक असतो, आणि इग्वानाला नेमके उलट, म्हणजे एक भाग फॉस्फरसला सुमारे दोन भाग कॅल्शियम, असे प्रमाण लागते. म्हणून केळ्याची चकती क्वचितच द्यावी. पालकही रोज देऊ नये, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

मी तीन गोष्टी वापरून पाहिल्या. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची तयार पूड अतिशय बारीक असते, पण ती बाहेरून मागवावी लागते आणि महाग पडते. अंड्याचे कवच फुकटच म्हणायचे. ते उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये दळून वस्त्रगाळ केले की झाले. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे चार-पाच कवचांची पूड बरेच दिवस पुरते. निव्वळ कॅल्शियम पाहिले, तर ही पूड तयार पुडीपेक्षा उणी आहे असे मला वाटत नाही.

माझी अडचण दोन्ही पुडींच्या बाबतीत एकच होती: पूड पानाला धरून राहत नाही. वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी पुडीत घोळवलेली मेथी दहा वाजेपर्यंत सुकून आक्रसते आणि पूड ताटलीच्या तळाशी उतरते. पाणी शिंपडून पाहिले, तर पुडीच्या गुठळ्या झाल्या आणि मादीने ती पाने जिभेने चाचपून तशीच सोडली. लाल भोपळ्याच्या किसात पूड चांगली धरते खरी, पण आमची मादी पाने संपवून नेमका किसच मागे ठेवते. संध्याकाळी ताटली धुताना तळाशी पांढरा थर दिसे, आणि तिच्या पोटात किती गेले हे मला कधीच सांगता आले नाही. मोजून दिलेल्या मात्रेचा मग उपयोग काय?

तिसरी गोष्ट शेवग्याचा पाला. त्यात कॅल्शियम पानातच असते. १०० ग्रॅम ताज्या पानांत ते ३०० मिलिग्रॅमहून अधिक भरते आणि फॉस्फरस त्या मानाने बराच कमी असतो. पान सुकले तरी कॅल्शियम गळून पडत नाही, हेच माझ्या दृष्टीने निर्णायक ठरले. परसातली कोवळी डहाळी तोडून, पाने काढून, ती जास्वंदीची फुले आणि चिरलेल्या दुधीभोपळ्यात मिसळली की मादी ताटली स्वच्छ करते. हिवाळ्यात झाड पाने गाळते, त्या दिवसांसाठी पाला आधीच सावलीत वाळवून बरणीत भरावा आणि देताना पाण्यात भिजवावा.

तरीही वाढत्या पिल्लाला किंवा अंडी धरलेल्या मादीला केवळ पाल्यावर ठेवणे मला जोखमीचे वाटते. तिथे प्राणिवैद्यकाला मात्रा विचारून, फॉस्फरस नसलेली पूड जोडीला द्यावीच. शिवाय सकाळचे ऊन थेट अंगावर मिळायला हवे, कारण कॅल्शियम अंगी लागण्यासाठी लागणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते. कवचाच्या पुडीची बरणी आमच्या फडताळात अजूनही आहे. मादी अंडी धरते त्या आठवड्यांत ती उघडतो, एरवी शेवग्याची डहाळी पुरते.