बाली: धबधबा + भातखाचरांची डे टूर, घ्या पण कॉफीवाला स्टॉप आधीच कापा

उबुदहून एक दिवसाची टूर घेतली, मी बायको आणि आई (वय 64, गुडघे कुरकुरणारे). कंपनीचं नाव टाकत नाही, सेम रूट तिथे बरेच जण विकतात: बन्युमाला धबधबा, बेराटन तलावातलं देऊळ आणि शेवटी जातिलुविहची भातखाचरं. गाडी आपली एकट्याची, ड्रायव्हर हाच गाईड, इंग्रजी समजेल असं बोलत होता.

बन्युमाला भारी आहे पण खाली उतरायला खड्या पायऱ्या आहेत आणि ओल्या असल्या की चपलेने जाऊच नका. आई अर्ध्यातून परत वर गेली. टूरवाल्याने बुकिंगला "इझी वॉक" सांगितलं होतं, ते त्याचं त्याला लखलाभ. खालचं पाणी मात्र गार आणि स्वच्छ, शेजारी शेजारी दोन धारा पडतात, अर्धा तास डुंबलो. बेराटनचं देऊळ म्हणजे जुन्या 50 हजार रुपियाच्या नोटेवरचं, फोटो काढायचे आणि निघायचं, गर्दी फार.

मग गाडी न विचारता लुवाक कॉफीच्या मळ्यात. उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची कॉफी, बाकीचे चहा फुकट चाखायला देतात, ह्या कॉफीचे वेगळे पैसे. आमचा पाऊण तास गेला. पिंजऱ्यातलं मांजर बघून आई म्हणाली "ह्याला सोडा की रे" आणि बाहेर येऊन बसली. बुक करतानाच सांगा, कॉफी नको, तो वेळ जातिलुविहला द्या.

कारण खरा पैसा वसूल तिथे झाला. सगळे तेगलालांगच्या भातखाचरांना जातात, उबुदपासून जवळ पडतं म्हणून, पण तिथे आता शेतीपेक्षा झोके जास्त. जातिलुविह बातुकारू डोंगराच्या उतारावर, लांबच लांब पायऱ्यापायऱ्यांची खाचरं आणि मधून चालायला बांधीव वाटा, आईसुद्धा आरामात चालली. आम्ही गेलो तेव्हा काही खाचरं हिरवी, काही नुसतीच पाण्याने भरलेली, त्यामुळे इन्स्टावरच्यासारखं सगळं हिरवंगार दिसेलच असं नाही.

ड्रायव्हरने सुबक (तिथली पाणीवाटपाची पद्धत) म्हणजे काय ते सांगितलं आणि मी तिथेच अडकलो. एका पाटावरचे शेतकरी मिळून ठरवतात, पाणी कुणाला कधी सोडायचं, लावणी कधी करायची, त्यासाठी पाण्याची वेगळी देवळं पण आहेत. 2012 ला युनेस्कोने ह्याच पद्धतीसाठी जागतिक वारसा यादीत घेतलंय. आम्ही मूळचे धुळ्यातल्या साक्रीकडचे, म्हटलं अरे हे तर आपल्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीसारखंच! बंधारा, पाट, पाळीपाळीने पाणी, आणि पाणी सोडायला सगळ्यांनी मिळून ठेवलेला पाटकरी. आई लगेच आजोबांच्या पाळीच्या रात्री सांगायला लागली, कंदील घेऊन बांधावर बसायचे म्हणे, आणि ड्रायव्हर गाडी बाजूला लावून ऐकत बसला, मी मधे ट्रान्सलेट करतोय.

जेवण शाकाहारी मिळतं पण "नो एग, नो फिश, नो चिकन" तिन्ही वेगवेगळं सांगा, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, आणि सांबलमध्ये (तिथली मिरचीची चटणी) तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असू शकते. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) छान लागतं. मी 4 स्टार देतो, एक कॉफीसाठी कापला. आईने तिथून लाल तांदूळ आणलाय, कुकरला दोन शिट्ट्या जास्त लागतात.