झिंकचा तांदूळ आठ महिने खाल्ला, त्याची गोष्ट

पहिली पिशवी फोडली तेव्हा घरातले सगळे डब्यात डोकावले आणि हिरमुसले. 'अगं, हा तर पांढराच आहे!' पौष्टिक तांदूळ येणार म्हटल्यावर त्यांना पिवळा अपेक्षित होता. बातम्यांमुळे तोच डोक्यात बसलाय. तो गोल्डन राइस. इंगो पोट्रायकस आणि पीटर बायर या शास्त्रज्ञांनी २००० साली तो जगापुढे मांडला. दाण्यात बीटा कॅरोटीन असतं (शरीरात त्याचं अ जीवनसत्त्व होतं), म्हणून तो रंग. जनुक बाहेरून घातलेलं असल्याने वाद काही संपले नाहीत. फिलिपिन्सने २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती रद्द केली. आमच्या डब्यातला तांदूळ त्या भानगडीतला नव्हे. ज्या जातींच्या दाण्यात मुळातच झिंक जास्त, त्यांचा भरघोस पिकणाऱ्या जातींशी संकर करायचा आणि पुढच्या पिढ्यांमधून हवी ती रोपं निवडत जायचं, अशी ही जुनीच पद्धत. असा पहिला वाण बांगलादेशात २०१३ साली आला, ब्री धान ६२. भारतात २०१६ मध्ये डीआरआर धान ४५ आला. आता बरेच आहेत.

चवीचं आधी उरकते, कारण सांगण्यासारखं फार नाही. दाणा मध्यम बारीक, पाणी नेहमीइतकंच लागतं, भात किंचित चिकटसर होतो. तिसऱ्या दिवसापासून ताटातला तांदूळ बदललाय हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते, भाताची आठवण करून द्यावी लागत नाही.

मात्र ती पहिली पिशवी चुकीची निघाली. निवडताना मधूनच एखादा दाणा वेगळा दिसायचा, जरा जास्त गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखा. तो खरंच साच्यातला होता. तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून यंत्रातून दाणे पाडतात आणि साधारण शंभराला एक या प्रमाणात साध्या तांदळात घालतात. त्याला फोर्टिफाइड म्हणतात. मला हवा होता बायोफोर्टिफाइड, म्हणजे ज्याचा प्रत्येक दाणा शेतातच तसा भरतो. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, 'एकच की हो ते.' एकच नाही! एकात पोषण गिरणीनंतर येतं, दुसऱ्यात बियाण्यातून. फोर्टिफाइड तांदूळ वाईट असतो असं अजिबात नाही, पण मागितलं एक आणि हातात पडलं दुसरं. तेव्हापासून पिशवीवर वाणाचं नाव नसेल तर घेत नाही.

आता आकडे. नेहमीच्या पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे १२ ते १६ मिलिग्रॅम झिंक असतं. सुधारित वाणांत ते २० ते २५ पर्यंत जातं. ऐकायला दीडपट, पण ताटात किती? माणशी दिवसाला २०० ग्रॅम कच्चा तांदूळ धरा. साध्या तांदळातून (१६ धरून) मिळतं ३.२ मिलिग्रॅम, या तांदळातून (२४ धरून) ४.८. फरक १.६ मिलिग्रॅमचा. मोठ्या माणसाची रोजची गरज ८ ते ११ मिलिग्रॅम, बाईला कमी, पुरुषाला जास्त. म्हणजे एकट्या भाताने गरज भागत नाही, जेवणातला खड्डा थोडा उथळ होतो. जे दिवसातून एकदाच मूठभर भात खातात, त्यांनी याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. ज्यांचं पोट मुख्यतः भातावरच भरतं, त्यांच्यासाठी हे सगळं चाललंय.

'मग लोहाचं काय?' हा प्रश्न मलाही पडला होता, कारण आमच्याकडे रडगाणं हिमोग्लोबिनचं आहे. उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. लोह बरंचसं दाण्याच्या बाहेरच्या थरात असतं, पॉलिशमध्ये ते कोंड्याबरोबर जातं. झिंक आतपर्यंत पसरलेलं असतं, म्हणून तगतं. साध्या संकरातून झिंक वाढवता आलं आणि लोह अडलं, ते यामुळे. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. फिलिपिन्समधल्या मठांत १९२ ख्रिस्ती जोगिणींना (नन्सना) नऊ महिने जेवणात तांदूळ दिला, काहींना जास्त लोहाचा, काहींना साधा. २००५ साली निष्कर्ष छापून आले: शरीरातला लोहाचा साठा थोडा वाढला, हिमोग्लोबिन वाढलं नाही. हे वाचल्यावर मी भाताकडून हिमोग्लोबिनची अपेक्षा सोडली. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच घेते.

कमी पॉलिशचा घ्यावा का, यावर आमच्यात दोन तट पडले. कोंड्याचा थर राहिला तर खनिजं जास्त मिळतात हे खरं. पण त्याच थरात फायटेटही असतं, ते झिंकला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं. शेवटी आम्ही हलक्या पॉलिशवर तडजोड केली, तीही शास्त्रापेक्षा घरातल्या शांततेसाठी.

तक्रार म्हणाल तर एकच, पण मोठी. पिशवीवरचा आकडा खरा की खोटा हे डोळ्यांना, जिभेला, कशालाच कळत नाही. बासमतीचा वास येतो, या तांदळाला सांगायला काहीच नाही. पाचव्या महिन्यात न राहवून नमुना प्रयोगशाळेत दिला. झिंक नेहमीच्या तांदळापेक्षा जास्त निघालं, पण पिशवीवर छापलंय त्याहून कमी. आधी फसवणूकच वाटली. मग एका शेतकऱ्याशी बोलणं झालं. तो म्हणाला, 'ताई, बियाणं झिंक ओढून घेईल, पण जमिनीत असेल तरच ना!' पाणी साचलेल्या भातखाचरात झिंक पिकाला नीट मिळत नाही. त्यातून भाताला होणारा खैरा रोग वनस्पतिरोगतज्ज्ञ वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठात ओळखला, तेव्हापासूनची ही डोकेदुखी आहे. वर पीक जोरात आलं की तेवढंच झिंक जास्त दाण्यांत वाटलं जातं. थोडक्यात, छापलेला आकडा चाचणीच्या प्लॉटवरचा. आपल्या ताटात काय येणार ते खाचर आणि गिरणी ठरवतात.

'फरक पडला का?' असं सगळे विचारतात. सासूबाईंचे गुडघे बरे झाले, असं त्या सांगतात. झिंकचा गुडघ्यांशी काय संबंध ते मला ठाऊक नाही, मी वाद घालत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर काहीही जाणवलं नाही, आणि जाणवायलाही नको होतं. रक्तातलं झिंक मोजणंही बेभरवशाचं, साध्या तापाने किंवा नुकत्याच झालेल्या जेवणाने ते खालीवर होतं. बांगलादेशात एक ते तीन वर्षांच्या मुलांना नऊ महिने असा तांदूळ देऊन पाहिला, २०२२ मध्ये निकाल आला, आणि दोन गटांच्या रक्तातल्या झिंकमध्ये फरक दिसला नाही. मुलं भात खाऊन खाऊन किती खाणार! हे वाचून दोन दिवस माझा उत्साह मावळला होता.

तरी घेणं थांबवलं नाही. भात तर रोज शिजणारच आहे, चवीत काही जात नाही, मग दीड मिलिग्रॅम सोडायचं कशाला? फक्त आता पिशवीऐवजी त्याच शेतकऱ्याकडून घेते. डब्यात दोनेक किलो उरलाय. पुढचा घेण्याआधी त्याला विचारायचंय, यंदा चिखलणीच्या वेळी झिंक सल्फेट, म्हणजे झिंकचं खत, टाकलं होतं की नाही.