चारा टाकणारी रिमोट बोट: साधी की जीपीएसवाली?

काठावर उभे राहिले की बोट डावी-उजवीकडे किती सरकली ते नीट दिसते. लांब किती गेली याचा अंदाज मात्र फसतो. 80 मीटरपुढे 10-15 मीटरची चूक सहज होते. जीपीएसला जादा पैसे मोजायचे ते या एका चुकीसाठी.

तलावावर 50-60 मीटरच्या आत रोहू-मृगळ धरायचे असतील तर साधी बोट पुरते. दिशेसाठी समोरच्या काठावरचे एक झाड धरा. अंतरासाठी, पहिल्या फेरीत चारा पडला की रिळाजवळ गळाच्या दोरीवर (गळही बोटच ओढून नेते) लवचिक दोऱ्याची गाठ मारा. पुढच्या फेरीत गाठ रिळावरून सुटून बोटाला लागली की बोटीवरच्या चाऱ्याच्या टोपल्याचे दार उघडायचे. आडव्या वाऱ्यात दोरीला पोट पडते, म्हणून गाठ लागते तेव्हा बोट अजून अलीकडेच असते. निव्वळ कटल्यामागे असाल तर दोन्ही बोटींचा उपयोग कमीच. तो वरच्या-मधल्या पाण्यात चरतो आणि आपला चारा तळाला बसतो.

उजनीसारख्या जलाशयात हिशेब बदलतो. बुडालेल्या नदीपात्राची कड 120 मीटरवर असेल तर तिथे पुन्हा पुन्हा पोचायला जीपीएसच हवे. मोकळ्या आकाशाखाली ते 2-3 मीटरपर्यंत नेम धरते. साध्या बोटीवर नुसता फिशफाइंडर (पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारे यंत्र) बसवू नका. कड दिसेल, पण पुन्हा सापडणार नाही.

जीपीएसची दुखणीही आहेत. उपग्रह पकडण्याआधी बोट सोडली तर परतीची जागा चुकीची नोंदली जाते. होकायंत्र गाडीजवळ जुळवले तर बोट नागमोडी चालते. सर्वांत वाईट म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटून ती आपोआप परतीला वळते आणि स्वतःचीच दोरी पंख्यात ओढून घेते. 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यालगत लवकर मरतो, तेव्हा रिमोट उंच धरा.

जलपर्णी दोघींचीही वैरीण. दोन मोटरींवर वळणाऱ्या बोटीचा एक पंखा अडकला की ती जागच्या जागी गरगरते. शेवाळाच्या पाण्यात उघड्या पंख्याऐवजी पाण्याचा झोत मारून चालणारा जाळीबंद जेट बरा, मात्र तो बॅटरी जास्त खातो. पेंड-कोंडा ओला होऊन फुगतो आणि दार अडकवतो. टोपले दोन-तृतीयांशच भरा. 7.4 व्होल्टची लिथियम बॅटरी हंगाम संपल्यावर 7.6 व्होल्टच्या आसपास ठेवा, पूर्ण भरून नाही.