चांगली हार्ड डिस्क ‘डेड’ सांगून 13,700 ला टोपी घातली, लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर वाचा

डोकं अजून तापलेलंच आहे, लिहिताना पुढेमागे होईल, सांभाळून घ्या.

माझी 2 टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. लॅपटॉपला लावली की टुंग आवाज यायचा, लाइट पण लुकलुकायची, पण ‘धिस पीसी’ उघडलं की डिस्कचा पत्ताच नाही. केबल बदलून बघितली, दुसऱ्या पोर्टला लावली, तेच. त्यात भावाच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ. म्हणून मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारातल्या, एका गाळ्यात गेले. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

आता ऐका. त्या माणसाने माझ्यासमोर डिस्क मॅनेजमेंट (विंडोजमधलीच, जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवणारी विंडो) उघडलं. खाली ‘डिस्क 1’, निळी पट्टी, 1863 जीबी आणि पुढे चक्क ‘हेल्दी’ लिहिलेलं. फक्त ड्राइव्ह लेटर नव्हतं, ई नाही, एफ नाही, काहीच नाही. म्हणजे राइट क्लिक करून एक लेटर दिलं असतं की विषय संपला असता. मी वाचलं हो ते हेल्दी! विचारणार तेवढ्यात त्याने विंडो बंद केली, डिस्क कानाला लावली आणि म्हणाला, “मॅडम, हेड गया है, क्लीन रूम में खोलना पडेगा, घर पे ट्राय किया तो डेटा गया समझो.” (हेड म्हणजे डिस्क वाचणारा आतला भाग, क्लीन रूम म्हणजे धूळ नसलेली खोली.) हे ऐकल्यावर कुणाचं डोकं चालतं सांगा? त्यात मला वाटलं 2000 पाहिजेत आणि 1863 च दिसतायत, म्हणजे बाकीचे खराब झाले असणार. 2 टीबी विंडोजमध्ये 1863 च दिसते, कंपनी 1000 ने मोजते आणि विंडोज 1024 ने, हे भाच्याने नंतर सांगितलं. शाळेत शिकवतात का हे?

तपासणीचे 1,200, रिकव्हरीचे 9,500, वर ‘स्पेअर हेड’चे 3,000. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागेल. क्लीन रूम म्हणजे मागचा पोटमाळा, तिथे पंखा फुल स्पीडवर.

परत मिळाली त्यात निम्मेच फोल्डर, लग्नाचा व्हिडिओ गायब. भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची सगळी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकून बघितलं तर कव्हर एका कंपनीचं, आतली डिस्क दुसऱ्याच कंपनीची! पॉवर ऑन अवर्स 31 हजारांच्या वर, म्हणजे साडेतीन वर्षं सलग चाललेला कुठला तरी भंगार माल. माझी डिस्क, आधार-पॅनच्या स्कॅनसकट, त्यांच्याकडेच. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, डिस्क दुकानात द्यायच्या आधी त्यातल्या मॉडेल आणि सिरीयल नंबरचा फोटो काढा.

पोलीस चौकीत गेले तर “ही सिव्हिल मॅटर आहे ताई, ग्राहक मंचात जा.” आधार-पॅनचं सांगितलं तर “मग सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले ऑनलाइन फ्रॉड झालाय का, नाही ना, मग चौकीत जा. परत चौकीत गेले तर साहेब बंदोबस्ताला. एकाने तर मलाच विचारलं, एवढं महत्त्वाचं होतं तर दोन कॉपी का नाही ठेवल्या? अहो, चोरी झाली की घरमालकालाच विचारता का, सोनं घरात का ठेवलंत म्हणून? साधा अर्ज घेऊन शिक्का मारायला यांचा जीव जातो.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते, मुदत 2 वर्षं. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयचे स्क्रीनशॉट लावलेत. म्हणून कॅश देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

आणि हो, डिस्क लावल्यावर विंडोज ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट करायचं का’ विचारेल, आत डेटा असेल तर कॅन्सल. डेटा नकोच असेल तर खुशाल फॉरमॅट मारा, मॅकलाही लावायची असेल तर फॉरमॅटच्या प्रकारांतला एक्सफॅट घ्या, फॅट32 मध्ये 4 जीबीच्या वरची फाइल जात नाही. यासाठी 300 रुपये पण कुणाला देऊ नका.

तो अजून तिथेच बसलाय, बाहेर ‘नो डेटा नो चार्ज’चा बोर्ड लावून.