दूरच्या सर्व्हरवरचे लोकल ग्रुप काढायचे: गेट-लोकलग्रुप की जुनं एडीएसआय?

मार्च जवळ आला की फोर्टपासून सीप्झपर्यंत ऑडिटवाल्यांची एक मागणी ठरलेली असते. प्रत्येक विंडोज सर्व्हरवर कुठले लोकल ग्रुप (त्या एका मशीनपुरते हक्क देणारे गट) आहेत आणि त्यांत कोण कोण बसलंय, याची यादी द्या. डोमेनचे, म्हणजे कंपनीच्या अख्ख्या नेटवर्कचे, ग्रुप ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मध्यवर्ती नोंदवहीतून एका क्वेरीत निघतात. लोकल ग्रुप मात्र ज्याच्या त्याच्या मशीनवरच्या सॅममध्ये (खात्यांच्या स्थानिक डेटाबेसमध्ये), त्यामुळे प्रत्येक सर्व्हरच्या दारात जाणं आलं. सर्व्हर महापेला आणि आपण फोर्टात, म्हणजे हे काम स्क्रिप्टनेच होणार.

रस्ते बरेच आहेत, पण दोन मी सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. डब्ल्यूएमआयचा, म्हणजे मशीनची माहिती देणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेचा, विन३२_ग्रुप हा क्लास चांगला आहे, फक्त 'लोकलअकाउंट' खरं असल्याची अट लावायला विसरलात तर तो अख्ख्या डोमेनचे ग्रुप ओढत बसतो. तेवढ्यात चहा पिऊन या. त्यासाठी डीकॉम या जुन्या रिमोट संपर्काच्या पद्धतीने गेलात तर १३५ नंतर ४९१५२ ते ६५५३५ मधलं कुठलंही पोर्ट लागू शकतं, आणि हे फायरवॉलवाल्यांना समजावणं हे एक वेगळंच काम. दुसरा रस्ता थेट विन३२ एपीआयचा, म्हणजे नेटलोकलग्रुपएनम हे फंक्शन. सी किंवा सी प्लस प्लस लिहिणाऱ्यांनी बिनधास्त तोच घ्यावा. बफर परत सोडायचा आणि 'अजून डेटा आहे' हा २३४ नंबरचा कोड सांभाळायचा, एवढंच त्यातलं पथ्य. आपल्यासारख्या स्क्रिप्टवाल्यांना मात्र निवड करायची ती उरलेल्या दोघांत: गेट-लोकलग्रुप आणि एडीएसआय.

गेट-लोकलग्रुप हा कमांड पॉवरशेल (विंडोजची स्क्रिप्टिंग भाषा) ५.१ सोबत आला, आणि दिसायला फारच देखणा. नाव, वर्णन, एसआयडी (खात्याचा किंवा ग्रुपचा ओळख क्रमांक), सगळं नीट कॉलममध्ये. ॲडमिनिस्ट्रेटर्सचं नाव कुणी बदललं असेल तरी एस-१-५-३२-५४४ वरून तो लगेच सापडतो. दुसऱ्या मशीनचं नाव द्यायचा कॉम्प्युटरनेम हा पर्याय त्यात नाही, म्हणून दूरच्या मशीनवर कमांड चालवणाऱ्या इन्व्होक-कमांडच्या आत घालून पाठवावा लागतो. ते एका अर्थी बरंच आहे: इन्व्होक-कमांड एका वेळी ३२ मशीनवर जातो आणि कुठली ओळ कुठल्या सर्व्हरची तेही स्वतःच चिकटवून देतो. नुसती ग्रुपांची नावं हवी असतील तर पुढचं वाचूही नका, हाच घ्या.

पण नुसती नावं कोण मागतं? नावांच्या मागोमाग सभासद येतात, आणि तिथे सभासद दाखवणारा जोडीचा कमांड गेट-लोकलग्रुपमेंबर माझ्या मनातून उतरला. आपल्याकडे माणूस अंधेरी सोडून बीकेसीला कधी जाईल याचा नेम नाही. तो गेला की डोमेनमधलं त्याचं खातं यथावकाश डिलीट होतं. सर्व्हरच्या लोकल ग्रुपला मात्र याची खबर नसते, कारण तिथे नाव नसतंच, नुसता एसआयडी असतो. तो तसाच पडून राहतो, अनाथ. अशी एक जरी नोंद ग्रुपमध्ये असली, की हा कमांड 'ॲरेमधल्या दोन घटकांची तुलना जमली नाही' अशा अर्थाची एरर देतो आणि बाकीच्या धडधाकट सभासदांचीही नावं गिळून टाकतो. एका भाडेकरूने घर सोडलं म्हणून सेक्रेटरीने अख्ख्या सोसायटीची यादी द्यायला नकार द्यावा, तसं. वर एररमधून मूळ कारण काही केल्या कळत नाही.

यातली खरी चीड अशी की ऑडिटवाल्याला नेमकी तीच नोंद हवी असते! सोडून गेलेल्याचा हक्क कुठे राहिलाय हे शोधण्यासाठीच तर सगळा खटाटोप. डॉटनेटच्या अकाउंटमॅनेजमेंट या तयार कोडकडे पळायचा मोह होईल, पण तोही अशा ग्रुपवर १३३२ नंबरची एरर देऊन वाटेत थांबतो.

एडीएसआय म्हणजे खाती आणि ग्रुप वाचायचा विंडोजचा जुना इंटरफेस. त्याचा विनएनटी प्रोव्हायडर विंडोज एनटीच्या काळातला, आणि दिसतोही तसाच. ग्रुप काढणं सोपं आहे: कॉम्प्युटर ऑब्जेक्ट उघडा आणि त्याची मुलं 'ग्रुप' या स्कीमा क्लासवर गाळा. सर्व्हरच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन 'कॉम्प्युटर' लिहायला विसरू नका, नाहीतर तो त्या नावाचं डोमेन वगैरे शोधत वेळ काढतो. सभासदांचा कोड मात्र कुरूप. मेंबर्स इन्व्होक करा, मग प्रत्येकाचा एडीएसपाथ (त्याचा पूर्ण पत्ता) रिफ्लेक्शनने, म्हणजे ऑब्जेक्टच्या आतलं वाचायच्या डॉटनेटच्या युक्तीने, उपसा. एसआयडी बाइट ॲरेमध्ये मिळतो, तो आपणच वाचण्याजोगा करायचा. समांतर धावणंही आयतं नाही, ते आपण बांधायचं.

पण अनाथ नोंद आली तर हा गडी थांबत नाही. नावाच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा छापतो आणि पुढे जातो. एडीएसपाथमध्ये सर्व्हरचं नाव आलं तर खातं लोकल, नुसतं डोमेनचं आलं तर डोमेनचं, म्हणजे तोही प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. माझ्या अनुभवात थोड्याथोडक्या सर्व्हरवर वेगाचा फरक जाणवतही नाही. शेकडो सर्व्हर असतील तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल, आणि ते रास्तही असेल.

पोर्टांचं गणित तुमच्या जागेवर ठरेल. एडीएसआय एसएमबी या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलवरून, म्हणजे ४४५ वरून जातं. पॉवरशेल रिमोटिंगला ५९८५ लागतं, आणि सर्व्हर २०१२ पासून ते ज्यावर चालतं ती विनआरएम सेवा मुळातच चालू असते. ४४५ सगळीकडे उघडं ठेवणं शहाणपणाचं नाही, त्यामुळे सिक्युरिटीवाले नाक मुरडतील. मी एडीएसआयची स्क्रिप्ट तिकडच्याच जंप सर्व्हरवरून (आत शिरण्यासाठी ठेवलेल्या मधल्या मशीनवरून) चालवतो, मग त्यांचीही हरकत नसते. ज्यांच्याकडे विनआरएमशिवाय काहीच उघडं नाही, त्यांनी हाच एडीएसआयचा तुकडा इन्व्होक-कमांडच्या आत घालून पाठवावा. तिथे तो लोकलच चालतो आणि ३२ मशीनची सोयही मिळते. खरं सांगायचं तर नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी दबक्या आवाजात हेच सुचवीन.

निवड काहीही करा, दोन गोष्टी आधी तपासा. सर्व्हर २०१६ पासून सॅमला दुरून विचारायची मुभा मुळात फक्त त्या सर्व्हरच्या ॲडमिनना असते, त्यामुळे साध्या खात्याने थेट एडीएसआय चालवलं तर 'ॲक्सेस डिनाइड' येईल आणि दोष उगाच स्क्रिप्टवर जाईल. आणि यादीतून डोमेन कंट्रोलर (डोमेनची खाती सांभाळणारे सर्व्हर) वगळा. त्यांना स्वतःचे वेगळे लोकल ग्रुप नसतातच, तिथे डोमेनचेच ग्रुप समोर येतात.