नेक्सॉन ईव्ही 45 : दहा ते ऐंशीचा हिशोब

टाटाच्या नेक्सॉन ईव्हीची चौकशी करायला गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो रेंजचा. 40.5 किलोवॅट-अवर बॅटरीच्या गाडीला एआरएआयची (म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेने मोजलेली) रेंज 465 किलोमीटर, 45 वालीला 489. आमचे दाजी सेकंडहँड 40.5 बघत होते, ते म्हणाले, "24 किलोमीटरसाठी एवढे पैसे जादा कशाला घालताय?" मी 45 घेतली ती रेंजसाठी नाहीच. कोल्हापूर-पुणे, कोल्हापूर-मुंबई असं माझं सारखं चालू असतं, आणि ही गाडी चार्जरवर कमी वेळ उभी राहते. एवढ्या एका गुणासाठी ती मला मनापासून आवडते.

माझं उद्यमनगरात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. मोटार पुढ्यात आली की आधी अँपिअर बघायचे, ही हाताला लागलेली सवय. गाडीच्या माहितीपत्रकातले आकडेही मी तसेच वाचले. 10 ते 80 टक्के भरायला कंपनी 40.5 वालीला 56 मिनिटं सांगायची, 45 वालीला 40 मिनिटं सांगते. आता भागाकार करा. 40.5 चे सत्तर टक्के म्हणजे साधारण 28 युनिट (एक किलोवॅट-अवर म्हणजे एक युनिट). ते 56 मिनिटांत भरतात म्हणजे सरासरी 30 किलोवॅट पडली. 45 चे सत्तर टक्के साडेएकतीस युनिट, 40 मिनिटांत, म्हणजे सरासरी 47. बॅटरी वाढली जेमतेम नवव्या हिश्शाने, पण भरायचा वेग वाढला दीडपट. हमरस्त्यावर ताशी 90 च्या आसपास चालवली तर पूर्ण बॅटरीत साधारण तीनशे किलोमीटर धरून चालावं. मुंबईला जाताना वाटेत एकदा थांबावंच लागतं, आणि ते थांबणं जेवणाच्या वेळेत बसतं. जेवून, हात धुऊन, चहा होईपर्यंत गाडी तयार असते. पाऊण तासाच्या आत उठता येणं आणि तासभर ताटकळणं यातला फरक पोरं बरोबर असली की लगेच कळतो.

पण हे 40 मिनिटांचं गणित जमायला चार्जर धड पाहिजे. पाटीवर 60 किलोवॅट लिहिलंय म्हणून गाडीत 60 जातील असं नाही. किलोवॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. या वर्गातल्या गाड्यांची बॅटरी तीन-चारशे व्होल्टच्या घरातली. समजा बॅटरी साडेतीनशे व्होल्टवर आहे आणि गनची, म्हणजे गाडीत खुपसायच्या केबलच्या टोकाची, मर्यादा 125 अँपिअर, तर जास्तीत जास्त 44 किलोवॅट मिळणार, मग चार्जर कितीही मोठा असो. गन 200 अँपिअरची असेल तर गाडी घेईल तेवढं मिळतं. म्हणून मी अनोळखी ठिकाणी केबल हातात घेण्याआधी मशीनवरचं लेबल वाचतो. अॅपमध्ये किलोवॅट ठळक असतात, अँपिअर बहुतेक ठिकाणी नसतातच. ते लिहायला चार्जिंग कंपन्यांनी सुरुवात करावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

दुसरं, दोन गनचं मशीन. साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात माझी गाडी एकटी लागली होती, पडद्यावर 54 किलोवॅट दिसत होते. एक टॅक्सीवाला आला, त्याने शेजारची गन लावली, मशीनच्या पंख्यांचा आवाज बदलला आणि माझा आकडा 29 वर उतरला. मशीनची ताकद दोघांत वाटली गेली. त्यात चूक कुणाचीच नाही, पण बाहेरच्या पाटीवर ही गोष्ट लिहिलेली नव्हती. टॅक्सीवाला शहाणा होता. त्याने विचारलं, "दादा, कितीवर काढणार?" मी म्हटलं, 80 झाले की. तो म्हणाला, "मग बरं. लोक शंभर होईस्तोवर जागा सोडत नाहीत."

त्याचं म्हणणं खरं आहे आणि ते फक्त शिस्तीपुरतं नाही. सेल भरत येतो तसतशी लिथियमच्या आयनांना (विद्युतभारित कणांना) सेलमधल्या ग्रॅफाइटच्या थरात शिरायला जागा कमी उरते. तेव्हाही तोच करंट रेटला तर आयन आत न जाता पृष्ठभागावर धातू होऊन साचतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी गाडीतली यंत्रणा, स्वतःच करंट उतरवत नेते. ऐंशीच्या पुढे पडद्यावरचे किलोवॅट घसरायला लागतात आणि नव्वदच्या पुढे घड्याळ बघवत नाही. ऐंशीला गन काढा आणि पुढच्याला जागा द्या.

थंडीतही आयनांना आत शिरणं जड जातं. महाबळेश्वरला रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी फास्ट चार्जरला लावली तर सुरुवातीची काही मिनिटं करंट चढतच नाही. तासभर चालवून मग लावली की सुरळीत घेते. मे महिन्यातल्या दुपारी उलटी तऱ्हा. बॅटरी गार ठेवायला कूलिंग जोरात चालतं, त्याची वीजही त्याच गनमधून जाते. सावलीतला चार्जर मिळाला तर दोन किलोमीटर जादा जायला माझी हरकत नसते.

घरी मात्र मी शंभर टक्के भरतो, आणि त्याचंही कारण आहे. या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत. लेड-ॲसिड बॅटरीला मल्टिमीटर लावला की अंदाज येतो, इथे तसं जमत नाही. 30 टक्के आणि 70 टक्के यांत एका सेलमागे व्होल्टचा फरक अगदी किरकोळ. त्यामुळे बीएमएसचा हिशोब हळूहळू सरकतो. अधूनमधून काठोकाठ भरली की तो जागेवर येतो. घरच्या 7.2 किलोवॅटच्या चार्जरवर रात्रीत आरामात होतं, फक्त त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. एक अपवाद: मुक्काम पन्हाळ्यासारख्या उंच ठिकाणी असेल तर सकाळी थोडी रिकामी ठेवा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत उताराची वीज परत घ्यायला जागा नसते, रिजन (मोटारीनेच गाडी रोखून वीज परत बॅटरीत घेणं) जवळजवळ मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

"फास्ट चार्जिंगने बॅटरी मरत नाही का?" हे मला दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. रोज फक्त त्यावरच भरणं मी टाळेन, कारण उष्णता वाईटच. पण प्रवासापुरतं बिनधास्त करावं. 47 किलोवॅटची सरासरी 45 च्या बॅटरीला म्हणजे तासाला एका भरण्याइतका करंट, हा छळ नव्हे.

महिंद्राच्या 79 किलोवॅट-अवरच्या बीई 6 चा 20 ते 80 टक्के 20 मिनिटांत हा दावा मोठा आहे, आणि गाडी तेवढी ताकदवान आहेही. पण त्याला 180 किलोवॅटचा चार्जर लागतो. तीच गाडी 60 च्या मशीनवर लावली तर ते 47 युनिट भरायला पाऊण तासाच्या वरच लागणार. आमच्या रस्त्यावर मला अजून 60 चीच मशीनं जास्त भेटतात, आणि त्या मशीनचा पुरेपूर उपयोग 45 करून घेते.

दाजींनी शेवटी 40.5 च घेतली, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे. जयसिंगपूर ते कोल्हापूर रोजची ये-जा, रात्री घरी चार्जिंग, फास्ट चार्जरची गरज वर्षातून कधीतरी. ज्यांचं महिन्यातून दोन-तीनदा पुण्या-मुंबईला जाणं आहे, त्यांनी मात्र 45 च बघावी.