नौपाड्यातील मुलींचा डबा: जेवण उत्तम, पत्रकातील दावा फुगवलेला

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, आमच्या सोसायटीतील प्रत्येक टपालपेटीत एक गुलाबी पत्रक येऊन पडले. ठाण्यात नौपाड्यातील तीन बायकांनी मिळून चालवलेल्या डब्याच्या सेवेची ती जाहिरात होती: दहा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी, आठवड्याचे सहा दिवस, महिन्याला २,६०० रुपये. एवढ्यावरच पत्रक थांबले असते तर मी ते फ्रिजवर लावून विसरून गेले असते; परंतु तळाशी ठळक अक्षरांत छापले होते, ‘आमचा डबा २४ टक्के मुलींना स्तनाच्या कर्करोगापासून वाचवतो’. माझ्या मावशीला हा आजार ४४व्या वर्षी झाला आणि तिच्या उपचारांसाठी मी परळच्या टाटा रुग्णालयात अनेक खेपा घातल्या आहेत, त्यामुळे ती ओळ वाचून मला आधी राग आला आणि मग कुतूहल वाटले. माझी मुलगी नववीत आहे. सहा महिने हा डबा घेतल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

जेवणाविषयी आधी सांगते, कारण पैसे आपण जेवणाचे मोजतो. सोमवारचा डबा हा या सेवेचा मानाचा तुरा आहे: तळहाताएवढ्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर आणि एक पेरू. ज्यांनी शाळेत भाकरी दिली आहे त्यांना ठाऊक असेल की सकाळी सहाची भाकरी दहाच्या सुट्टीत वातड होते आणि मूल ती तशीच परत आणते. स्वयंपाक सांभाळणाऱ्या काकू उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढून ती गरम असतानाच मळतात, भाकरी पातळ थापतात आणि वाफ पुरती निघून गेल्यावरच सुती फडक्यात गुंडाळतात. मी एकदा पहाटे डबा आणायला गेले असता हे सारे प्रत्यक्ष पाहिले. परातीच्या कडेला त्यांची बांगडी एका लयीत वाजत होती आणि बोलायला त्यांना उसंत नव्हती. ती भाकरी दुपारी एक वाजताही दुमडता येते. मंगळवारचे भाजणीचे थालीपीठ आणि बुधवारचे वालाचे बिरडेही उत्तम असते. गुरुवारचा राजमा बेताचाच असतो.

आता दाव्याकडे वळते. मी काकूंना विचारले की हा २४ चा आकडा कुठून आला. त्यांच्या भाच्याने मोबाइलवर वाचून सांगितले होते, एवढेच त्यांना माहीत होते. शोध घेतल्यावर लक्षात आले की आकडा खरा आहे, परंतु त्याचा अर्थ लावताना घोटाळा झाला आहे. अमेरिकेत १९८९ साली ‘नर्सेस हेल्थ स्टडी २’ या नावाने एक लाखाहून अधिक परिचारिकांचा अभ्यास सुरू झाला. १९९८ मध्ये त्यांच्यापैकी अनेकींनी शाळेच्या वयात आपण काय खात होतो याची सविस्तर प्रश्नावली भरली. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अशा ४४,००० हून अधिक स्त्रियांची माहिती मांडली. ज्यांच्या किशोरवयातील आहारात तंतुमय पदार्थ, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत चोथा, सर्वाधिक होते, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत कमी चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेत एकूण १६ टक्क्यांनी आणि रजोनिवृत्तीपूर्वीच्या कर्करोगाचे प्रमाण २४ टक्क्यांनी कमी आढळले.

याचा अर्थ शंभरातल्या चोवीस मुली वाचल्या असा होत नाही. समजा, हजार स्त्रियांमध्ये वीस जणींना हा आजार व्हायचा असेल (हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे), तर २४ टक्के घट म्हणजे वीसऐवजी साधारण पंधरा जणी. पाच जणींचा फरक क्षुल्लक नाही, पण तो पत्रकातल्या वाक्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय प्रश्नावली भरताना त्या स्त्रिया ३३ ते ५२ वर्षांच्या होत्या. पंचविशी-तिशी मागे टाकलेल्या बाईने दहावीच्या डब्यात काय होते ते किती अचूक सांगावे? मला तर गेल्या गुरुवारचे जेवण आठवत नाही. त्यातच, भरपूर चोथा खाणाऱ्या मुली इतर बाबतींतही वेगळ्या जगत असू शकतात, आणि अशा अभ्यासांत तो परिणाम हिशेबातून पूर्णपणे वगळता येत नाही.

तरीही किशोरवयावरचा भर निराधार नाही. पहिली पाळी आणि पहिले बाळंतपण यांच्या मधल्या काळात स्तनांतील पेशी झपाट्याने वाढत असतात, त्यांची जडणघडण पूर्ण झालेली नसते आणि म्हणून त्या इजेला अधिक बळी पडतात. हिरोशिमा आणि नागासाकीच्या किरणोत्साराला लहान व किशोर वयात सामोऱ्या गेलेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका प्रौढ स्त्रियांपेक्षा जास्त राहिला, हे त्याचे सर्वांत कठोर उदाहरण आहे. चोथ्याबाबतचा एक तर्क असा की तो आतड्यातील इस्ट्रोजेनला, म्हणजे स्तनांतील पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या स्त्री-संप्रेरकाला, बांधून शरीराबाहेर नेतो आणि ते रक्तात पुन्हा शोषले जाण्याचे प्रमाण कमी करतो.

मग मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. त्या अभ्यासात सर्वाधिक गटातील मुली दिवसाला सुमारे २८ ग्रॅम चोथा खात होत्या आणि सर्वांत कमी गटातील त्याच्या निम्म्याच्या आसपास. सोमवारच्या डब्यात दोन भाकऱ्यांना साधारण ८० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे ८ ग्रॅम चोथा. उसळीतील ४० ग्रॅम कोरड्या मटकीतून ६ ग्रॅम. आणि मध्यम पेरूतून आणखी ८ ग्रॅम. एका डब्यात २२ ग्रॅम! हाच डबा मैद्याच्या पावाचा असता तर १०० ग्रॅम मैद्यामागे जेमतेम ३ ग्रॅम मिळाले असते. अमेरिकेतील मुलींना धान्याच्या पाकिटांवर शोधावे लागते ते आपल्याकडे जांभळी नाक्याच्या बाजारात पोत्यांतून ओसंडत असते, आणि आपण मात्र मुलांना बिस्किटांचे पुडे देतो.

बिस्किटांवरून शुक्रवारची तक्रार आठवली. त्या दिवशी डब्यासोबत ‘नाचणीच्या पौष्टिक कुकीज’ची बाहेरून आणलेली पाकिटे येत. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्या पाकिटावर पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल आणि चौथ्या क्रमांकावर बिचारी नाचणी होती. दाखवल्यावर काकूंनी दोन आठवड्यांत ती बंद करून नाचणीचे घावन सुरू केले. नाचणीसत्त्वाची खीरही मला पटली नाही, कारण सत्त्व वस्त्रगाळ करतानाच बहुतेक चोथा फडक्यात राहून जातो. ती खीर चवीसाठी द्यावी, पण तिच्यावर ‘तंतुमय’ असा शिक्का मारू नये.

पावसाळ्यात पेरू महागल्यावर दहा दिवस फळाऐवजी रसाचे खोके आले, तेव्हा मात्र मी फोन केला. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली याच परिचारिकांविषयी जो निबंध आला, त्यात किशोरवयात दिवसाला तीनेक वाट्या फळे खाणाऱ्यांमध्ये, अर्धी वाटी खाणाऱ्यांच्या तुलनेत, कर्करोगाचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते, सफरचंद, केळी आणि द्राक्षे यांचा त्यात विशेष उल्लेख आहे. फळांच्या रसाचा मात्र असा कोणताही संबंध दिसला नाही. केळी बारा महिने मिळतात, हे काकूंनी लगेच मान्य केले.

सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. ही सेवा दर महिन्याच्या एक तारखेला मुलींचे वजन विचारते आणि ‘घटलेल्या’ मुलींना लाडूचे बक्षीस देते. यामागे कर्करोगाचे कारण सांगितले जात असेल तर ते उलट्या दिशेचे आहे: बालपणी आणि किशोरवयात गुटगुटीत असलेल्या मुलींमध्ये पुढे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, तर प्रौढ वयात वाढलेले वजन रजोनिवृत्तीनंतरचा धोका वाढवते. मुलींना जाड करा असा त्याचा अर्थ नाही. वाढत्या वयातील मुलीला डब्याच्या निमित्ताने काट्यावर उभे करू नये, एवढाच आहे. माझ्या मुलीने पहिल्याच महिन्यात वजनाच्या रकान्यात ‘विचारू नये’ असे लिहून चिठ्ठी परत पाठवली, आणि तिला लाडू मिळाला नाही. मावशीसारखा इतिहास ज्यांच्या घरात आहे, त्यांनी तर डब्यावर विसंबून न राहता डॉक्टरांशी बोलावे. वारशाने येणारा दोष भाकरीने पुसला जात नाही.

डबा वेळेवर येतो. सहा महिन्यांत तीनदाच उशीर झाला, तोही तुंबलेल्या रस्त्यामुळे. सुट्टीचा दिवस आदल्या संध्याकाळी सातपर्यंत कळवल्यास त्या दिवसाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करतात, आणि हा हिशेब चोख असतो. स्टीलचा डबा स्वच्छ असतो, फक्त झाकणाची रबरी कडा सैल झाली की कोशिंबिरीचे पाणी दप्तरात जाते. ती बदलून मागावी. जेवणाला पाचपैकी साडेचार आणि जाहिरातीला एक तारा देते.

डिसेंबरचे पैसे मी भरले आहेत. २४ टक्क्यांची ओळ काढून टाका, त्या जागी सोमवारचा डबा छापा, असे काकूंना सुचवले तेव्हा त्यांनी मान डोलावली; परंतु पाचशे पत्रके छापून घेतली आहेत, त्यातली निम्मी अजून पिठाच्या डब्यांमागे पडून आहेत, आणि ती संपेपर्यंत नवीन छापायची नाहीत असे तिघींचे ठरले आहे.